गॅदरिंगमधला हशा गावाबाहेर चालेल का?

पत्रलेखिका 22 वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. पाचवी ते दहावी ती मुलींच्या शाळेत होती. तिथे चौघी मैत्रिणी मिळून दरवर्षी गॅदरिंगला विनोदी नाटुकली बसवायच्या. शाळा मुलींचीच, त्यामुळे हवालदार, सरपंच, भूत, एकदा तर अफझलखान, अशा सगळ्या भूमिका हिच्या वाट्याला आल्या आणि गाजल्या. कॉलेजात युवा महोत्सवात नकलांमध्ये बक्षीस मिळालं, लघुनाटिकेत मात्र दर वेळी हिरोची बायको. बी.एस्सी. झाली. गेल्या सहा महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. पुण्यात एका ओपन माइकला (नवख्यांनीही नाव नोंदवून स्टँडअप विनोद करून बघायची जागा) ती पाच मिनिटं बोलली आणि कोणी हसलं नाही. आणि काकूच्या नकलेचं तिचं रील खूप चाललं, तेव्हापासून काकूने घरी येणं बंद केलं. वडील साखर कारखान्यात, आई अंगणवाडीत, दोघांचं म्हणणं ‘बी.एड. कर’. हिला मुंबईला जाऊन टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात शिरायचं आहे. ती विचारते, “शाळेत मला बघून पोरी बाकावरून खाली पडायच्या. ते खरं, की पुण्यातली पाच मिनिटं खरी? बी.एड. केलं तर सगळं संपलंच ना? आणि नाही केलं, मुंबईला गेले आणि तिथेही कोणी हसलं नाही तर?”

*

प्रिय चौकडीतली एक (सही तूच अशी केली आहेस),

पुण्यातल्या पाच मिनिटांवर तू दोन पानं लिहिली आहेस आणि शाळेतल्या सहा वर्षांवर अर्धं. मला ते अर्धं पान जास्त आवडलं. त्यात एक ओळ आहे, जी तू सहज लिहून पुढे गेलीस. तिच्याकडे मी शेवटी येते.

आधी तुझा प्रश्न. शाळेतलं हसू खरं होतं का? होतं. पण ते कशामुळे आलं, हे तू तेव्हा पाहिलं नाहीस, पाहायची गरजही नव्हती. तू लिहितेस की, हेडबाईंसारखा चष्मा कपाळावर ढकलून नुसतं “हंऽऽ” म्हटलं की सगळा हॉल कोसळायचा. अगं, त्या चारशे मुली तो चष्मा आणि तो हुंकार रोज प्रार्थनेला ऐकत होत्या. स्टँडअपवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, तुझा सेटअप, म्हणजे विनोदाआधीची माहिती, त्यांनी वर्षभर वर्गात बसून ऐकलेला होता, तू नुसता पंच, म्हणजे हशाची जागा, टाकायचीस. पुण्यात समोर बसलेल्यांना तुझ्या हेडबाई माहीत नाहीत, तुझं गाव माहीत नाही, तू माहीत नाहीस. तिथे सेटअपही तुलाच द्यायचा होता आणि तो द्यायची सवय तुला कधी लागलीच नव्हती.

हे मला शहाणपणाने नाही, फजितीने कळलेलं आहे. खूप वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसने राज्य नाट्य स्पर्धेत एक फार्स केला होता. त्यात कंजूष घरमालकाचं काम आमच्या हेडक्लार्कने केलं. तालमीत तो पाकीट काढायला खिशात हात घालायचा आणि आम्ही गडाबडा लोळायचो, कारण हा माणूस प्रत्यक्षातही चहाचे पैसे द्यायची वेळ आली की बूट बांधायला वाकायचा. स्पर्धेच्या दिवशी थिएटरमध्ये त्याने खिशात हात घातला आणि वरच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. इतकी शांतता. प्रेक्षकांच्या दृष्टीने एक माणूस पाकीट काढत होता, त्यात हसायचं काय? पुढच्या प्रयोगाला आमच्या दिग्दर्शकाने सुरुवातीलाच दोन मिनिटांचा एक प्रसंग घातला. घरमालक वापरलेली चहापत्ती दोरीवर वाळत घालतोय आणि ती वाळेपर्यंत पाहुण्याला बोलण्यात गुंतवतोय. बस, एवढंच. त्यानंतर पाकिटावर असा हशा आला की पुढची दोन वाक्यं बुडाली.

तुझ्या आणि पुण्याच्या मध्ये ही दोन मिनिटं आहेत. ती लिहिता येतात. ज्याला मुळात हसवताच येत नाही त्याला ती लिहूनही उपयोग नसतो, पण तुझं तसं नाही. नकलांमध्ये तुला बक्षीस देणारे परीक्षक तुझ्या वर्गातले नव्हते.

आता ती पाच मिनिटं. तू काय बोललीस ते पत्रात उतरवून दिलंस, बरं केलंस. डेटिंग ॲप, पुण्याचं ट्रॅफिक, पीजीतल्या रूममेट. यातलं तू काय जगली आहेस? तू गावात आईवडिलांकडे राहतेस. ट्रॅफिकमध्ये अडकलीस ते त्याच संध्याकाळी. मोबाइलवर इतरांचे सेट बघून ‘असं बोलायचं असतं’ म्हणून तू ते बोललीस. आणि ओपन माइक ही जागा काय असते हेही कोणी तुला सांगितलं नसावं. समोरच्या तीस-चाळीस खुर्च्यांत निम्मे लोक आपला नंबर यायची वाट बघणारे इतर कलाकार असतात. ते मनातल्या मनात स्वतःचा सेट घोकत असतात, हसायला मोकळे नसतात. मागे कोणीतरी टॉर्च दाखवलं की वेळ संपत आली, एवढाच तिथला शिष्टाचार. ही तालमीची जागा आहे, निकालाची नव्हे. जे आज तासभर एकटे उभे राहून तिकीट लावतात, त्यांनी असल्या शांततेत कित्येक संध्याकाळी काढलेल्या असतात. आधी पाच मिनिटं पक्की करायची, मग दहा, मग कुणाच्या तरी कार्यक्रमाआधीची पंधरा, असा तो जिना आहे. तू पहिल्या पायरीवर एकदा ठेचकाळलीस आणि घरी येऊन दोन पानं लिहिलीस.

पण मला खरी बोच वेगळ्याच गोष्टीची लागली. तू लिहितेस, “तिथं जरा शुद्ध बोलले.” का गं बाई? तुझ्या पत्रात दोन ठिकाणी ‘मी गेलो होतो’ असं सुटून गेलंय. तुमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात, हे ऐकून पुण्या-मुंबईची माणसं चमकतात. तू अफझलखान करणारी मुलगी, माईकसमोर येऊन नुसतं “मी सांगलीवरनं आलो” म्हणाली असतीस आणि समोरच्यांच्या कपाळावर आठी पडल्यावर ती आठी कशी पडली यावरच बोलली असतीस, तर पाच मिनिटं कमी पडली असती. बोलीची टिंगल करून हसू मिळवणं सोपं असतं, ते नको. पण तुझ्या बोलीतून तू जगाकडे बघ. आजी भांडताना काय म्हणते, कारखान्याचा भोंगा झाला की गल्लीत काय काय हलतं, अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये आईला किती रकाने भरावे लागतात, या कशावर तू पुण्यात एक अक्षर बोलली नाहीस.

आणि सांगलीची होऊन तू हे विसरतेस याचं मला नवल वाटतं. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, तो दिवस आपण अजून रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या खेळांत सूत्रधाराचं मंगलाचरण झालं की अंगाला झाडपाला बांधलेला विदूषक नाचत यायचा आणि सूत्रधाराशी हुज्जत घालायचा. पदं तेवढी लिहिलेली असायची, बाकीचं बोलणं ज्याने त्याने आयत्या वेळी करायचं. म्हणजे आज ज्याला क्राउडवर्क (समोरच्यांशी आयत्या वेळी बोलून हसवणं) वगैरे म्हणतात त्याचा एक आजोबा तुझ्या जिल्ह्यातच पाला बांधून फिरत होता. त्याहून जवळचं सांगते. काळू-बाळू कवलापूरचे. जुळे भाऊ, तमाशाच्या घराण्यातले, आणि दोन हवालदारांच्या त्यांच्या जोडीने उभा महाराष्ट्र हसवला. तुझा शाळेतला हवालदार कुठून आला असेल? तू तो कुठल्या मालिकेत पाहिला असशील असं तुला वाटतं, पण गावच्या जत्रेत तो तुझ्या वडिलांनी आणि आजोबांनी पाहिलेला असणार. एकदा विचार त्यांना. बी.एड.च्या विषयापेक्षा ते बोलणं बरं चालेल.

आता बी.एड. तुझ्या पत्रात बी.एड. आणि विनोद हे एकमेकांचे वैरी आहेत, एक आत आला की दुसरा बाहेर. हे तुला कोणी सांगितलं? लक्ष्मण देशपांडे तीन तास एकटे उभे राहून एका वऱ्हाडातली 52 माणसं रंगवायचे, त्यात बाया आल्या, म्हातारे आले, पोरंटोरं आली. ते मराठवाड्यातल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते. निलेश साबळे डॉक्टर आहेत. जॉनी लिव्हर यांचं तर नावच कंपनीतून आलं, हिंदुस्थान लिव्हरमध्ये कामाला असताना साहेबांच्या नकला करून. नोकरीत माणसं बघायला मिळतात, त्यांच्या लकबी मिळतात, आणि पहिली तारीख मिळते. पहिल्या तारखेचा विनोदाशी काय संबंध? आहे. खोलीचं भाडं थकलेला माणूस स्टेजवर हसवण्याऐवजी विनवण्या करायला लागतो आणि ते समोरच्यांना दिसतं.

शिवाय शिक्षिका होणं म्हणजे रोज सहा तास, न हसण्याचा निश्चय करून आलेल्या साठ प्रेक्षकांपुढे उभं राहणं. यापेक्षा कडक तालीम कुठली?

तरी एक सांगते. शिकवायची तुला मनापासून नावड असेल तर बी.एड. करू नकोस. दोन वर्षं आणि फी घालवून शेवटी एका वर्गाला एक नाराज बाई मिळेल, बाकी काही नाही. मग दुसरी कुठलीही नोकरी बघ, सांगलीत, कोल्हापुरात, नाही तर पुण्यात. पण ‘आईवडिलांनी सुचवलं’ एवढ्यासाठी ते नाकारत असलीस तर पुन्हा विचार कर.

राहिली मुंबई. तू म्हणतेस मुंबईला ‘जायचंय’, पण तिथे जाऊन सोमवारी सकाळी काय करणार, ते पत्रात कुठेच नाही. 2010 मध्ये ‘फू बाई फू’ आलं, 2014 मध्ये ‘चला हवा येऊ द्या’, 2018 मध्ये ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. या कार्यक्रमांनी मराठी घरांत विनोदी नटाला मान मिळवून दिला हे खरं. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, श्रेया बुगडे यांनी हिरोची बायको होण्यापलीकडे बाईला विनोदात किती जागा आहे ते दाखवलं. त्यांच्या आधी निर्मिती सावंतांची गंगूबाई होतीच. पण पडद्यावर दिसणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्याआधी एकांकिका, नाटकं, छोटी-मोठी कामं करत आलेले असतात. त्यांना तिथे दर आठवड्याला नवं स्किट थोडक्या दिवसांत पाठ करून उभं करायचं असतं. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे लोक अभिनयाबरोबर लिहितातही. हे नीट वाच. विनोदी नट होऊ पाहणारे शेकड्याने असतात. हातात वहीभर लिहिलेली स्किटं घेऊन येणारी मुलगी मात्र क्वचित दिसते. चौकडीची नाटुकली कोणी लिहिली होती, तूच ना?

ऑडिशनची खरी संधी आली तर सोडू नकोस. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बस, सकाळी मुंबईत उतर, ऑडिशन दे आणि त्याच रात्री परतीच्या गाडीत बस. त्यासाठी मुंबईत खोली लागत नाही. कोणी ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘कार्ड’, ‘पोर्टफोलिओ आमच्याकडूनच’ असलं काही म्हणालं की समजायचं, हा तुझ्याकडूनच पैसे कमावणार आहे. काम देणारे पैसे देतात, घेत नाहीत. आणि दिले तरी या धंद्यात हातात पडायला तीन-तीन महिने लागतात. म्हणून सहा महिन्यांचं भाडं आणि मेस गाठीला असल्याशिवाय तिकडे मुक्काम हलवायचा नाही, हे तू मुलगी आहेस म्हणून सांगत नाही, तुझ्या भावालाही हेच सांगितलं असतं.

मुलगी आहेस म्हणून जे सांगायचं ते वेगळं आहे. ओपन माइक संपायला रात्रीचे अकरा होतात आणि शेवटची एसटी गेलेली असते. जायच्या आधी परतायचं कसं, मुक्काम कुठे, हे ठरलेलं असू दे आणि ते घरी खरं सांगितलेलं असू दे. तुझ्या चौघींपैकी एक पुण्यात आयटीत आहे असं तू लिहिलंस. महिन्यातून एक शनिवार तिच्याकडे. तिच्या सोसायटीत महिन्यातून एकदा हास्याचा पाहुणचार, तिलाही बरं.

वडिलांची ‘उद्या कुणाला झोंबलं, केस झाली तर’ ही भीती तू हसण्यावारी नेलीस. मी नेणार नाही. 2025 च्या मार्चमध्ये मुंबईत खारला एका विनोदाच्या मंचाची एका विनोदावरून तोडफोड झाली, ते त्यांनी बातम्यांत पाहिलंच असेल. ‘काही होत नाही हो बाबा’ हे उत्तर खोटं आहे. त्यांना तुझा मजकूर आधी ऐकव. परवानगीसाठी नाही. तुझ्या विनोदात नक्की काय असतं हे त्यांना कधी कळलेलंच नाही, म्हणून. त्यांच्या डोक्यात विनोद म्हणजे बातमीतली खुर्च्यांची मोडतोड आहे, तुझ्या डोक्यात अंगणवाडीचं रजिस्टर.

मग वर्षभर करायचं काय? मी म्हणेन, ‘जाऊ की राहू’ हा प्रश्न बाजूला ठेव आणि अनोळखी माणसांपुढे उभं राहण्याचे प्रसंग मोज. वर्षात चाळीस. जमतात की नाही बघ. गणपतीचे दहा दिवस, तालुक्यात मंडळं किती आणि त्यांना डीजेशिवाय कार्यक्रम मिळत नाहीत अशी तक्रार किती. पुढे नवरात्र. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं, आता पाहुणी म्हणून. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आणि तिथे जमलेल्या बायकांइतका चोखंदळ प्रेक्षक मी पाहिलेला नाही. त्या आवडलं नाही तर वाण घेऊन उठतात. 8 मार्चला तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक बँकेला आणि पंचायत समितीला बोलायला एक बाई हवी असते आणि दर वर्षी तीच तीच बोलावली जाते. वीस मिनिटांचा एकपात्री तयार ठेव. एकपात्रीत तुला हिरोची बायको कोणी करू शकत नाही. हिरो, बायको, सासरा आणि दारातलं कुत्रं, सगळं तूच.

पहिल्या दोन-चार ठिकाणी फुकट कर. मग मानधन आधी विचारायला शीक, आणि आकडा बोलून घे, कारण नाही तर शाल, श्रीफळ आणि टाळ्या यांवर बोळवण होते. माझ्या घरी इतक्या शाली आहेत की आता मी त्या भाजीवाल्या मावशींना दिवाळीला देते.

प्रत्येक वेळी फोन खिशात रेकॉर्डिंगला लावून ठेव आणि दुसऱ्या दिवशी ऐक. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तरी ऐक. हसू कुठे आलं हे लक्षात राहतं, कुठे यायला हवं होतं आणि आलं नाही हे रेकॉर्डिंगच सांगतं. गावात कीर्तन असलं तर अभंगासाठी नाही तरी कारागिरीसाठी जाऊन बस. मांडीवर पोर, पुढे पेंगणारे म्हातारे, मागे मोबाइलवाली मुलं, आणि तरी बुवा दोन तास माणसं धरून ठेवतात. कुठे थांबतात ते मोज.

कॉलेज संपल्याने युवा महोत्सव आणि कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धा तुला बंद झाल्या. हे दुःख आहे, मी नाही म्हणणार नाही. पण राज्याच्या हौशी नाट्यस्पर्धेला वयाची अट आडवी येत नाही, सांगलीतही तिचं केंद्र असतं, आणि बँकेतले, शाळेतले, दुकानातले लोक रात्री आठनंतर तालमी करून त्यात उतरतात. अशा एखाद्या संस्थेच्या तालमीला जाऊन बस. सुरुवातीला चहा आणायला लावतील. आण.

आता काकू. तिथे तू माझ्याकडून ‘विनोदात सगळं चालतं’ हे ऐकायला पत्र लिहिलं असशील तर माफ कर. हेडबाई तुझ्या नकलेच्या वेळी पहिल्या रांगेत बसलेल्या असायच्या. त्या हसायच्या, आणि नसतं आवडलं तर दुसऱ्या दिवशी तुला ऑफिसात बोलावून कान धरला असता. तुझ्यावर त्यांचा वचक होता, म्हणून ती नक्कल दोघींमधला खेळ होती. काकूला तू विचारलं नाहीस. तिचं चालणं, तिचं ते ‘अय्यऽ’ हजारो अनोळखी लोकांनी पाहिलं आणि खाली कमेंटी लिहिल्या. त्या कमेंटी तिच्या मुलाने तिला वाचून दाखवल्या, असं तूच लिहिलंस. तिला परत कान धरायची सोय कुठे ठेवलीस?

रील काढून टाक. मग तिच्या घरी जा, एकटी, आईला न घेता. ‘गंमत होती गं काकू’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस, त्याचा अर्थ ‘तुला विनोद कळत नाही’ असा होतो. चुकले म्हण आणि ती जे बोलेल ते ऐकून घे. पुढच्या वेळी काकूची लकब, आत्याचं बोलणं आणि बस स्टँडवर दिसलेल्या कुठल्या तरी बाईची पिशवी अशी तिघींची मिळून एक चौथी बाई तयार कर. ती कोणाचीच नसेल, आणि खरं तर जास्त हसवेल, कारण मग तिला तुला हवं ते करायला लावता येईल. काकू कधीतरी ते बघून म्हणेल, ‘ही अगदी आमच्या जाऊबाई.’

आता ती ओळ. चौघींबद्दल सांगताना तू लिहिलंस, “तिघी काम करायचो, चौथीला स्टेजची भीती. ती नुसती समोर बसायची आणि कुठं हसू आलं नाही ते वहीत लिहून ठेवायची.”

नुसती? अगं, तुमच्या चौकडीची दिग्दर्शक ती होती. पुण्याला जाताना तू तुझा आवाज नेलास, हातवारे नेलेस, आणि वही गावात ठेवून गेलीस. डेटिंग ॲपचा सेट तिने एकदा ऐकला असता तरी म्हणाली असती, हे तुझं नाही. तुला खरं सांगणारं, तुझ्यावर न जळणारं आणि तुझ्या हेडबाईंना ओळखणारं असं माणूस मुंबईत भाड्याने मिळत नाही.

ती मिरजेला नर्स आहे असं लिहिलंस, म्हणजे एसटीने फार तर तासाभरावर. तिची रात्रपाळी कधी नसते ते विचार आणि पाच मिनिटं लिहून घेऊन जा. या वेळी ‘मी आलो’पासून सुरुवात कर. तिला समोर बसव आणि हातात वही दे. जुनी असेल तिच्याकडे. असल्या मुली वह्या टाकत नाहीत.

तुझी,
ताई